हलग्यांची भिंत

पन्हाळ्याच्या वाटेवरच्या त्या हॉटेलचं इंटेरिअर हे माझं पहिलं मोठं काम. तोवर मी कोल्हापुरात फ्लॅटच केले होते. किचनच्या ट्रॉल्या, टीव्हीची भिंत, फॉल्स सीलिंग. हॉटेलचे मालक शेतकरी घरातले, बोलायला मोकळे. पहिल्याच भेटीत म्हणाले, "मॅडम, आत पाऊल टाकलं की माणसाला आजोळी आल्यागत वाटलं पायजे. सगळं जुनं, आणि खरं. नकली काय नको."

मला तेच हवं होतं. जुन्या वस्तू पाहिल्या की माझं डोकं चालायला लागतं. भंगारवाल्याकडून मी तांब्याचे दोन बंब आणले, धान्य मापायच्या पितळी पायल्या आणल्या. गगनबावड्याकडं एक घर पाडत होते, तिथल्या सागवानी खिडक्या उचलल्या. एका बाईंनी उन्हात वाळत घातलेली जुन्या लुगड्यांची वाकळ पाहिली आणि तिच्यावरूनच हॉलचे रंग ठरवले: विटका निळा, शेंदरी, मातकट. इतक्या आनंदानं मी कुठलंच काम केलं नव्हतं.

शेवटी समोरची मोठी भिंत उरली. मी तिथं खिडक्यांच्या चौकटी लावणार होते. मालक भिंतीकडं बघत म्हणाले, "हितं हलग्या लावूया. दहा-बारा, वळीनं. जत्रंत हलगी कडाडली की आमच्या अंगावर काटा यायचा बघा. आमच्या आज्याच्या पुढं वाजत जायची."

मी वहीत 'हलगी' लिहिलं आणि त्याखाली उगाचच दोनदा रेघ ओढली.

"वापरलेल्या पायजेत बरं का," ते म्हणाले. "तुमच्या वळखीत मिळतील की."

'तुमच्या' म्हणजे कुणाच्या, हे मला कळलं नाही. डिझायनर लोकांच्या, की आमच्या? त्यांना माझी जात ठाऊक होती की नव्हती, हे मला आजही सांगता येणार नाही. विचारणं शक्य नव्हतं. विचारलं असतं तर त्याच क्षणी सांगितल्यासारखं झालं असतं.

माझा आज्जा हलगी वाजवायचा. गावात लग्न असो, मयत असो, हाक यायची. वाजवून झालं की जेवण अंगणाबाहेर मिळायचं. आम्ही बौद्ध झाल्यावर वस्तीनं एकत्र बसून हे काम सोडलं. आज्जानं हलगी चुलीत घातली. वडील तेव्हा सहा-सात वर्षांचे होते. पुढं ते शिकले, सरकारी नोकरी करून निवृत्त झाले. आमच्या घरात ढोलकीसुद्धा कधी आली नाही.

घरी जाऊन मी वडिलांना सगळं सांगितलं. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न ठेवता म्हणाले, "मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही."

"का?"

कारण सांगून नको म्हटलं, तर तिथून पुढं त्यांच्यासाठी मी आधी 'त्या वस्तीतली' झाले असते आणि डिझायनर नंतर. कारण न सांगता नको म्हटलं, तर कामातलं काही कळत नाही असं ठरलं असतं. दोन्हीकडून दार बंद होतं. मी खिडक्यांच्या चौकटींचं नवं चित्र काढून नेलं. मालकांनी ते कौतुकानं पाहिलं आणि म्हणाले, "हे जिन्यात लावू की." आठवड्याभरात हलग्या त्यांनीच कुठून तरी मिळवल्या. बारा होत्या. काहींच्या कडेला हात लागून लागून काळा डाग पडला होता. दोन हलग्यांत किती अंतर ठेवायचं ते मी टेप लावून मोजलं, सुताराला खुणा करून दिल्या आणि वर दिवे कसे सोडायचे ते सांगितलं. भिंत फार सुंदर झाली. हे मला नाकारता येत नाही.

उद्घाटनाला मालकांनी आग्रह केला, "वडलांस्नी घिऊनच या." मी वडिलांना म्हणाले, नाही आलात तरी चालेल. ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार होऊन बसले.

भिंतीसमोर ते बराच वेळ उभे राहिले. मालक शेजारी आले. "कशी झाल्या भिंत, काका?"

"चांगली हाय," वडील म्हणाले. "पण कातडं सैल पडलंय. जाळावर शेकल्याबिगर ह्या वाजायच्या न्हाईत."

"तुम्हाला कसं म्हाईत?"

मी ग्लासातलं पाणी प्यायला लागले.

"माझा बा वाजवायचा," वडील म्हणाले. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही.

"व्हय का," मालक म्हणाले, आणि वेटरला हाक मारून काकांना तांबडा-पांढरा रस्सा वाढायला सांगितला. वडील पोटभर जेवले. मी तीन महिने जे तोंडातून काढू शकले नव्हते, ते त्यांनी तीन शब्दांत सांगून टाकलं होतं. मला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

आठ दिवसांनी मालकांचा फोन आला. बिल, दिव्यांची एक तक्रार, मग म्हणाले, "मॅडम, शनवार-रविवारी काका येऊन वाजवून दाखवतील का? पावण्यांस्नी लई आवडंल. मान देऊ आम्ही."

त्यांच्या आवाजात टोचणी नव्हती. त्यांना खरंच मान द्यायचा होता, आणि म्हणूनच मला रागावताही येईना.

"त्यांनी कधी वाजवली नाही," मी म्हणाले.

"असं होय. बरं, बरं."

त्या भिंतीचे फोटो पुष्कळ फिरले. लोक तिच्यापुढं उभे राहून फोटो काढतात. त्यानंतर मला आणखी तीन हॉटेलांची कामं आली. तिघांनीही मोबाइल पुढं करून तोच फोटो दाखवला आणि म्हणाले, आम्हाला अगदी अशीच करून द्या. बिद्रीकडच्या एका कामाला मी गेल्या सोमवारी होकार कळवला. वडिलांना अजून सांगितलेलं नाही.