सुभेदारांच्या मांडवातले गोंडेवाले फेटे

आमच्या घरात डोकं दोनच कामांना वापरतात. एक म्हणजे तेल लावायला आणि दुसरं म्हणजे माझ्या फेट्याच्या सरावाला.

हे वेड माझं माहेरचं. गणपतीच्या मिरवणुकीत वडील सगळ्या गल्लीला फेटे बांधायचे आणि मी कापडाचं दुसरं टोक धरून ऐटीत उभी राहायची. पुढं लग्न झालं, साताऱ्यात एका पतसंस्थेत नोकरी लागली, तरी हात शिवशिवायचेच. नवरा पेपर वाचत बसला की मी मागून फेटा चढवून मोकळी! (एकदा तो तसाच दूध आणायला गेला. दूधवाल्यानं विचारलं, "साहेब, लग्न कुणाचं?" तेव्हा कुठं त्याला कळलं.) शेवटी चाळिशी जवळ आल्यावर मी घरात जाहीर केलं, "मी नोकरी सोडणार. फेटे बांधायचा धंदा करणार!"

सासूबाई गहू निवडत होत्या. त्या औंधकडच्या, बोलणं रोखठोक.

"बाप्यांच्या डोसक्याला हात लावून पोट भरणार व्हय तू?"

"आई, आता सगळ्या लग्नांत बांधून घेतात. हौस असते लोकांना."

"हौस तुला हाय. लोकांचं कवा कळायचं ते कळंल."

तरी मी राजीनामा दिलाच. मॅनेजर भला माणूस, म्हणाला महिनाअखेरपर्यंत खुर्ची रिकामी ठेवतो. सासूबाईंनी तेवढंच उचलून धरलं. त्यांच्या लांबच्या नात्यातले एक रिटायर सुभेदार, त्यांच्या मुलाचं लग्न सांगलीला विश्रामबागेत होतं आणि दोन्हीकडच्या मानकऱ्यांच्या फेट्यांचं काम मला मिळालं होतं. "ह्ये लगीन नीट झालं तर माझी ना न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "फजिती झाली तर सोमवारी गुमान त्या खुर्चीत बसायचं. आन् म्या सवता येऊन बघनार हाय."

आता इथं आहेराच्या साडीबद्दल थोडं सांगायला हवं. आहेराची साडी ही नेसायची वस्तू नाही. ती एका लग्नात मिळते, ट्रंकेत विसावा घेते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याला द्यायला बाहेर पडते. जिनं दिली तिच्याच घरी ती परत जाऊ नये एवढंच सांभाळायचं, आणि कोणती साडी कुणाची हे सासूबाईंना तोंडपाठ असतं. आटपाडीला त्यांच्या भाच्याचं लग्न तोंडावर आलं होतं म्हणून त्यांनी अशा साड्यांचं एक गाठोडं इस्त्रीला दिलं होतं. माझं फेट्यांचं कापडही त्याच इस्त्रीवाल्याकडे होतं. दोन्ही गाठोडी एकाच दिवशी घरी आली, दोन्ही पांढऱ्या चादरीत बांधलेली.

निघताना नवऱ्यानं विचारलं होतं, "एकदा सोडून बघू का?"

"माझ्या धंद्यात लुडबुड नको!" मी म्हणाले. "गाठोडं मी नुसतं उचलून ओळखते." आणि उचलून, ओळखून, ते डिकीत ठेवलं.

कार्यालयात पोचलो. नवरदेवाचा फेटा मी वेगळा पिशवीत घेतला होता, तो झकास बसला. मग मी गाठोड्याची गाठ सोडली.

आत एक मोरपंखी नऊवारी होती. तिच्याखाली पोपटी. त्याखाली इरकल.

"अहो," मी नवऱ्याला म्हणाले, "ह्या..."

"ह्या आईच्या साड्या!"

"हळू बोला ना! समोर बसल्यात त्या!"

सासूबाई पहिल्या रांगेत चहा पीत बसल्या होत्या. नवऱ्याला मी पेठेत पिटाळलं. थोड्या वेळानं त्याचा फोन आला, "एक दुकान बंद. दुसऱ्याचं सगळं कापड भाड्यानं गेलंय. म्हणतो, लग्नसराई आहे, टोप्या देऊ का?"

तेवढ्यात सुभेदार आले. मिशा वर, आवाज त्याहून वर. "ताई, मानकरी फॉल इन झालेत! मुहूर्ताआधी सगळी डोकी रेडी पायजेत. काय प्रॉब्लेम?"

"नो प्रॉब्लेम, काका," मी म्हणाले, पण आवाज काही माझा वाटला नाही. डोळ्यांपुढं पतसंस्थेची ती खुर्ची दिसायला लागली. तिच्यावरचा टॉवेलसुद्धा दिसला! आणि अचानक डोक्यात आलं की नऊवारीची लांबी आणि फेट्याची लांबी यात फरक तो कितीसा?

मोरपंखी उचलली आणि पहिल्या मानकऱ्याच्या डोक्याला भिडले. "हा नवीन प्रकार आहे, काका. काठापदराचा फेटा!" जरीचा काठ कपाळावर आणला, पदर मागं पाठीवर सोडला, तुऱ्यापाशी पिन टोचली. काय रुबाब दिसला म्हणून सांगू! आरशात बघून तो मानकरी मानच वळवेना. मग रांग लागली. "मलाबी तसलाच बांधा." "माज्या मेव्हण्याला जरीचा, मला साधा का वो?" मी बांधत सुटले. गाडीचा ड्रायव्हर सहज बघायला आला, त्यालाही एक बांधून टाकला. आता खुर्ची गेली खड्ड्यात, असं म्हणत मी मान वर केली.

समोर सासूबाईंचा कप बशी आणि ओठ यांच्या मध्येच थांबला होता.

त्या माझ्याकडे बघत होत्या. मग एकेका डोक्याकडे. आपली ट्रंक मांडवात चालताना पाहून बाईचं काय होत असेल ते मला त्या चेहऱ्यावर दिसलं. त्या उठल्या आणि माझी सोमवारची हजेरी लागलीच, असं मी धरून चालले. पण त्या माझ्यापर्यंत पोचायच्या आत मध्ये शेवंताआक्का आल्या. ह्या सुभेदारांच्या थोरल्या बहीण, म्हणजे नवरदेवाच्या आत्या. त्यांनी मोरपंखी फेट्याचा मागं लोंबणारा पदर मानकऱ्यासकट ओढला.

"ह्ये लाल-हिरवं गोंडं माज्या हातचं हायती! ह्यी साडी म्या तुला दिल्ती, तुज्या घराच्या वास्तुशांतीला!" त्या सासूबाईंवर गरजल्या. "तू म्हनलीस, लय आवडली, सनासुदीला हीच नेसते! आन् आज ह्येच्या टकुऱ्यावर?"

सनईवाल्यानं नेमका तेव्हाच दम घ्यायला सनई खाली केली, त्यामुळं ते सगळ्या मांडवानं ऐकलं.

सासूबाईंनी शांतपणे पदर खोचला. "आवं आक्का, तुमची साडी म्हंजी मानाची. अंगाला नेसून मळवू व्हय ती? म्या सुनंला सांगितलं, आक्कांची साडी हाय, मानकऱ्याच्या डोक्यावरच चढली पायजे!"

(हे मला सांगितल्याचं मी त्या क्षणी पहिल्यांदाच ऐकत होते. तरी मान जोरजोरात हलवली.)

शेवंताआक्का विरघळल्या. पदराचे गोंडे नीट करून म्हणाल्या, "असं व्हय? मग ऱ्हाऊं दे."

सुटले म्हणून मी श्वास सोडला आणि खरा गोंधळ तिथून सुरू झाला. सासूबाईंना कधी ना कधी आहेर केलेल्या सगळ्या पाहुण्या बायका उठून आपापल्या साड्यांसाठी डोकी न्याहाळायला लागल्या.

"माजी पोपटी कुठाय?"

"ती बघ, ड्रायवरच्या डोक्यावर!"

"आक्काची मानकऱ्याला आन् माजी ड्रायवरला? का गं, आमी काय वाटंवर पडलोय?"

"माजी इरकल त्या पोराला? त्याला मिसरूड तरी फुटलंय का!"

मुहूर्त जवळ आला, भटजी घड्याळ बघताहेत, सुभेदार "अटेन्शन!" म्हणून ओरडताहेत आणि मी फेटे सोडतेय आणि बांधतेय! पोपटी ड्रायव्हरवरून नवरीच्या मामाकडे, इरकल पोरावरून चुलत्याकडे. ड्रायव्हर फेटा द्यायला तयारच नव्हता. त्याला नवऱ्यानं आणलेली टोपी घातली. सासूबाई शेजारी उभ्या राहून कुणाची साडी कुणाच्या मानाची ते सांगत होत्या, त्यात एकही चूक नाही. शेवटची पिन टोचली आणि पहिलं मंगलाष्टक सुरू झालं. घाईत माझ्या अक्षता नवरा-नवरीवर पडायच्या सोडून माझ्याच पायावर पडल्या.

फेटा बांधला की तो मानकऱ्याचाच होतो, परत मागायचा नसतो. त्यामुळं सासूबाईंचं सगळं गाठोडं त्या दिवशी डोक्यांवर बसून आपापल्या गावी गेलं. परतताना गाडीत त्या कराडपर्यंत गेलेल्या साड्या बोटांवर मोजत होत्या. मग म्हणाल्या, "खुर्चीचं काय ते त्या मॅनेजरला कळवून टाक. आन् आटपाडीचं आहेर आता तुज्या पैल्या कमाईतनं."

आता साडीच्या फेट्यांसाठी लोक लांबून बोलावतात. बायका आपापल्या साड्या हातात देऊन कुणाला बांधायच्या ते आधीच बजावून ठेवतात. धंदा छान चाललाय, मी खूश आहे.

परवा औंधला एका लग्नात काम आटोपलं आणि यजमानीणबाईंनी हौसेनं माझी ओटी भरली. वर साडी दिली. मोरपंखी. पदराला लाल-हिरवे गोंडे आणि काठाला माझ्याच पिनेचं भोक.

"आवडली का? नेसा बरं का!" त्या म्हणाल्या.

"लय आवडली!" मी म्हणाले. "सणासुदीला हीच नेसणार!"

आणि मांडवातूनच इस्त्रीवाल्याला फोन लावला.