कापलेली दोन मिनिटं

ही गोष्ट मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, थोरल्या अण्णापाशीही नाही — आणि अण्णापासून मी दहावीला दोनदा नापास झालेलंसुद्धा लपवलं नव्हतं. मग तुमच्यापाशी का बोलतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. उद्या बाजारात तुम्ही समोर आलात तरी मला मान खाली घालावी लागणार नाही, म्हणूनही असेल. बघा, सुरुवातच अशी. स्वतःची सोय आधी.

हुमनाबादला माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नाचं शूटिंग, झेरॉक्स, मोबाईलचं रिचार्ज — जे येईल ते करतो. त्यातच एक चॅनेल काढलं. शुक्रवारी नवा पिक्चर लागला की पहिला खेळ सुटायच्या वेळेला मी टॉकीजच्या गेटवर माइक घेऊन उभा. ‘ह्यांगित्री पिक्चर?’ — कसा होता पिक्चर — म्हणून कन्नडमधून विचारायचं, उत्तर मराठीत आलं की मराठीत बोलायचं, दखनीत आलं की दखनीत. आमच्याकडे एकाच रांगेत तिन्ही भाषा बाहेर पडतात.

आणि इथेच माझा एक नियम होता. त्याचा मला अभिमानही होता, खोटं कशाला बोलू? नियम असा की बोलणं कापायचं, चेहरा ठेवायचा. मराठीतलं लांब बोलणं कलबुर्गीकडचा माणूस बघत नाही, कन्नडमधलं उदगीरकडचा बघत नाही. पण कुणी शिट्टी मारली, कुणी डोकं धरलं, कुणी रडलं — ते सगळ्यांना कळतं. रडण्याखाली काही लिहावं लागत नाही. नव्या पोरांना मी हे मोठ्या तोऱ्यात समजावून सांगायचो.

तर तो पिक्चर. नाव सांगत नाही. एक तपास अधिकारी असतो, गावोगावच्या पोरी नाहीशा होत असतात, आणि तो हट्टाला पेटून शोधत राहतो. शेवटी एका बंद गोदामात त्याला जे सापडतं ते मीही पुरतं बघू शकलो नाही. इंटरव्हलला दोन जोडपी उठून घरी गेली. खेळ सुटल्यावर कॉलेजची पोरं ‘एक नंबर, एक नंबर’ करत माइकवर तुटून पडली. एका मास्तरांनी असलं दाखवूच नये म्हणून मला पाच मिनिटं झापलं — जसा काही पिक्चर मीच काढला होता. एक गृहस्थ पायरीवर बसून बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतत राहिले. मला पाहिजे तसं मात्र अजून काही मिळालं नव्हतं.

तेवढ्यात ती बाहेर आली. पन्नाशीची बाई, हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी, बरोबर कुणी नाही. दाराची चौकट धरून उभी राहिली आणि एकदम ओरडली — ‘बास करा गं माय, बास करा!’ आणि ऊर बडवून रडायला लागली. लोक थबकले. मी कॅमेरा फिरवला.

त्या क्षणी मला काय वाटलं? दया वाटली म्हणून सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मला आनंद झाला. आतून अगदी, घबाड सापडल्यासारखा.

मी माइक पुढे केला. तिने डोळे पुसले आणि कॅमेऱ्याकडे नीट तोंड करून बोलायला लागली. जवळच्या दुबलगुंडी गावची होती. तिची लेक संगीता दीड वर्षापूर्वी शिवणक्लासला म्हणून हुमनाबादला आली ती परत गेलीच नव्हती. चौकीत कागद दिला होता, पाहुण्यारावळ्यांत शोधून झालं होतं. भाच्याने सांगितलं की या पिक्चरमध्ये हरवलेली पोरगी कशी शोधतात ते दाखवलंय. म्हणून ती तिकीट काढून आली होती. कसं शोधतात ते बघायला! तिथे सगळे भीती विकत घ्यायला आले होते, आणि ही एकटी रस्ता विचारायला आली होती.

‘त्या साहेबानं हिंडून हिंडून काढलं की रं अप्पा,’ ती मला म्हणाली. ‘आमच्या लेकरासाठी कोण हिंडायलंय?’

मग तिने पिशवीतून फोटो काढून कॅमेऱ्यापुढे धरला. पासपोर्ट साइजचा, निळ्या पडद्याचा. तो निळा पडदा माझ्याच स्टुडिओतला होता. क्लासच्या फॉर्मसाठी तो फोटो मीच काढला होता आणि मला ती पोरगी आठवतही नव्हती. डाव्या भुवईवर खोक आहे, असं तिने सांगितलं. फोन नंबर सांगितला, सावकाश, दोनदा. आणि शेवटी कॅमेऱ्यातून थेट लेकीशीच बोलली — ‘संगे, नंबर तोच हाय बघ. बदलला न्हाई. तुला पाठ हाय की.’

दोन मिनिटांपेक्षा थोडं जास्त होतं ते सगळं. मी दुकानात येऊन कापायला बसलो. टाकलं ते सात सेकंद — चौकट, ओरडणं, ऊर बडवणं. मागे भुताच्या पिक्चरसारखं संगीत घातलं. वर कन्नडमध्ये लिहिलं, ‘पिक्चर बघून अक्काची हालत!’ आणि पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन इमोजी-चेहरे. ते तीन चेहरे मी निवडून लावले होते, बरं का. एक लावून बघितला, कमी वाटला.

बाकीचं नंतर टाकू, वेगळं टाकू — असं मी मनाशी म्हटलं का? म्हटलं असेन. त्या आठवड्यात आमच्याकडच्याच मेहकरला एक जावळाचं शूटिंग होतं, कॅमेऱ्याचं कार्ड भरलं होतं, मी जुनं सगळं पुसून टाकलं. त्यात तेही गेलं.

सात सेकंद मात्र तुफान चालले. अण्णाने पाहुण्यांना दाखवले. पोरं पानटपरीवर तिची नक्कल करायची. मी ती बघून हसलोसुद्धा आहे.

पंधरा दिवसांनी ती दुकानात आली. हातात डबीएवढा बटणांचा फोन होता, रिचार्ज मारायला आली होती. मला बघून तिचं तोंड उजळलं. गावात सगळ्यांनी तिला मोबाईलमध्ये बघितलं म्हणे. तिच्या घरी तसला मोबाईल नव्हता आणि तिला ते कुणी दाखवलं नव्हतं. बहुतेक लाजेनेच दाखवलं नसेल. म्हणजे गावाला तेवढी तरी लाज होती.

‘लोकं मला बघून हासायलेत. कामून रं अप्पा?’

‘आपल्या गावची अक्का दिसली म्हणून खुशीत हसतात,’ मी म्हणालो. इतकं पटकन सुचलं मला!

मग तिने विचारलं — संगीचा फोटो, नंबर, सगळं दाखवलंस न्हवं? मी मान हलवली. ‘व्हय अक्का, सगळं दाखवलं. लई लोकांनी बघितलं. कलबुर्गी, हैद्राबादपर्यंत गेलंय.’ तिने माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. माझी आई गेल्यापासून तसं कुणी केलं नव्हतं. मी उभा राहून ते घेतलं.

त्यानंतर ती दर महिन्याला यायची. रिचार्ज मारायची आणि विचारायची, ‘कुणी कळवलं का रं?’ मी म्हणायचो, ‘न्हाई अक्का.’ एकदा तिने कोवळ्या तुरीच्या शेंगा आणल्या, एकदा ज्वारीचा हुरडा. बायकोने विचारलं कुणी दिलं, तर म्हणालो, गिऱ्हाइकाने.

तिला खरं सांगायला काय लागत होतं? आणि तेही सोडा — फोटो माझ्या कॉम्प्युटरमध्ये होता, नंबर माझ्या रिचार्जच्या वहीत होता. बसून पुन्हा टाकायला अर्धा तास पुरला असता. पण मग आधीचं काय टाकलं होतं ते उघडं पडलं असतं. माझी अर्ध्या तासाची शरम आणि तिची लेक — मी दर महिन्याला या दोन्हींत निवड करत होतो. दर महिन्याला एकच निवडत होतो.

वर्ष उलटल्यावर एका दुपारी ती आली आणि बाकड्यावर बसली. फोन काढून टेबलावर ठेवला. मी नेहमीसारखा नंबर टाकायला लागलो, तर तिने माझ्या हातावर हात ठेवला.

‘आता नको मारू, अप्पा.’

मी हात मागे घेतला.

‘एवढ्या लोकांनी बघितलं. तिनंबी बघितलं असंल की. तिला यायचं न्हाई, न्हाईतर ती न्हाई. कोण उरलंय आता सांगायचं?’

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. समोर बसली होती, मध्ये फक्त टेबल होतं, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. कुणीच बघितलेलं नाही, अक्का — एवढंच वाक्य होतं. मी तिला पाणी दिलं. ती प्यायली, फोन पिशवीत टाकला आणि उन्हात निघून गेली. त्यानंतर ती दुकानात आली नाही. मी दुबलगुंडीला गेलो नाही. दोन लग्नांची शूटिंग तिथली आली होती, दोन्ही दुसऱ्याकडे पाठवली.

मागच्या आठवड्यात वहीतून काढून मी तो नंबर लावला. रिंग गेली. पलीकडून एका पुरुषाने तेलुगूत विचारलं, कोण बोलतंय. मागे मिक्सरचा आवाज, कुणाची तरी पोरं भांडत होती. रिचार्ज थांबलं की कंपनी नंबर दुसऱ्याला देते; त्याने तो नवा म्हणून घेतला असणार. त्याची काय चूक? मी फोन ठेवला.

संगीताला तो एकच नंबर पाठ होता.