अंगठ्याविना मराठी चाळीस

मोबाइलवर निरोप आला तेव्हा मी कणीक मळत होते. धुळ्याला टायपिंगच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता आणि त्यात स्पर्धा. जुन्या, हाताच्या मशीनवर मराठी चाळीसचा, म्हणजे मिनिटाला चाळीस शब्दांचा उतारा. शेवटची ओळ होती : मशीन ज्याचं त्याने आणायचं. कणकेच्याच हाताने मी नानांना फोन लावला.

नाना म्हणजे माझे थोरले भाऊ. एरंडोलला त्यांचा टायपिंगचा क्लास होता. मी त्याच क्लासात शिकले आणि त्या जोरावर जळगावच्या एका सरकारी कचेरीत टंकलेखक म्हणून लागून तिथूनच निवृत्त झाले. कॉम्प्युटर आल्यावर क्लास बंद पडला, मशीनं भंगारात गेली. एक तेवढं नानांनी ठेवून घेतलं होतं.

"ये व बाई, ये," नाना फोनवर अहिराणीत ओरडले. "मशीन तठेच शे, पलंगखाले!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी एरंडोलला पोचले. मशीन खरंच पलंगाखाली होतं, पण ते ओढून काढतानाच पहिला अपघात झाला. कव्हर फाटकं, पकड निसटली, आणि एक कोपरा नानांच्या पायाच्या बोटावर बसला. नाना एका पायावर नाचत म्हणाले, "वजन तेवढंच शे!" मशीनचं काही झिजलं नाही, याचाच त्यांना आनंद झालेला.

वहिनींनी दारातून पाहिलं आणि हळदीचा डबा आणून टेबलावरच ठेवला. "लागेलच," म्हणाल्या आणि आत गेल्या.

आत काय काय निघालं! कुंभारीण माशीचं मातीचं घर, एक मेलेली पाल, दोन-तीन टाचण्या. रोलर दगडासारखा कडक झालेला. किल्ली दाबली की अक्षराची काडी अर्ध्यावर उठे आणि तिथेच रेंगाळे. जुनं तेल सुकून गूळ झालं होतं. आम्ही मशीन उघडून ताटात पेट्रोल घेतलं आणि दाढीच्या ब्रशने एकेक काडी धुवायला बसलो. खिडक्या सताड उघड्या, गॅस बंद, वहिनींचा चहाही बंद. जेवायच्या वेळेपर्यंत माझ्या बोटांची कातडी पांढरी पडून चरचरायला लागली होती. एका काडीच्या धारेने तर्जनी कापली ते मला कळलंसुद्धा नाही. ताटातलं पेट्रोल लालसर दिसलं तेव्हा कळलं.

पण काड्या उठायला लागल्या! क, मग म, मग ळ. टक, टक, टक. प्रत्येक अक्षर सुटलं की आम्ही दोघं ओरडायचो. साठी उलटलेली मी आणि पंच्याहत्तरीचे नाना.

आता राहिली कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा वरचा भाग. एक अक्षर उमटलं की ती एक घर डावीकडे सरकते, कारण मागच्या बाजूला एका डबीत स्प्रिंग असते आणि ती दोरीने कॅरेजला ओढत राहते. आमची दोरी कुजून गेली होती. नानांनी पतंगाचा जाड मांजा आणला, मी तो फेकून दिला आणि शिलाई मशीनच्या दुकानातून पक्का गोफ आणला. मी डबी फिरवून स्प्रिंगला पीळ द्यायचा आणि घट्ट धरून ठेवायची, नानांनी कॅरेज उजवीकडे ओढून दोरी आकड्यात अडकवायची, असं ठरलं.

"हात नको घालू व मझार," नाना बजावत होते.

"आत नाही घातला हात, नाना. तुम्ही आकड्याकडे बघा."

दोनदा दोरी निसटली. तिसऱ्यांदा नाना किंचाळले, "लागनं! लागनं व बाई!" त्या आनंदात त्यांनी टाळी वाजवली. टाळीला दोन हात लागतात, त्यामुळे कॅरेज मोकळी सुटली. तिला घराघरावर थांबवणारा दाता अजून चिकटलेलाच होता. ती बंदुकीच्या गोळीसारखी डावीकडे धावली. डावीकडे लोखंडी कपाट होतं. कॅरेजची मूठ आणि कपाट यांच्या मधोमध, डबी सोडून बाहेर येणारा माझा उजवा अंगठा होता.

मी ओरडले की नाही आठवत नाही. नाना मात्र दचकून मागे सरले, त्यांचा पाय पेट्रोलच्या ताटात पडला आणि ते जमिनीवर बसले ते चष्म्यासकट.

"लागलं का नाना?"

"मन्हं काही नही. तुन्हा अंगठा दखाड."

अंगठा दाखवण्यासारखा नव्हता. नख मुळापासून उचकटलेलं, रक्ताची धार कोपरापर्यंत. नानांनी धोतराच्या फडक्याने तो बांधला. वहिनी धावत आल्या, हळदीच्या डब्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हळदीनं भागणार नाही. रिक्षा बोलावते."

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. "कशाने लागलं, आजी?"

"टाइपरायटरने."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पेट्रोलचा वास येणाऱ्या नानांकडे. "म्हणजे प्रिंटर?"

"नाही हो. टाइपरायटर! दोरी लागली एकदाची!" मी इतक्या उत्साहाने सांगितलं की त्यांना वाटलं मला चक्कर येतेय. त्यांनी मला आडवं केलं, नख काढलं, पट्टी बांधली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि हात कोरडा ठेवायला सांगितलं. स्पर्धा त्या रविवारीच होती.

परत येताना रिक्षात खरी अडचण माझ्या लक्षात आली. दोन शब्दांमधली मोकळी जागा टायपिंगवाले खालची लांब दांडी अंगठ्याने दाबून देतात. मी आयुष्यभर ती उजव्या अंगठ्याने दिली होती.

नाना म्हणाले, "डावा शे ना? मंग काय!"

उरलेले दिवस मी एरंडोललाच राहिले. दाता पेट्रोलने धुऊन सुटा केला, नवी रिबीन घातली आणि मी डाव्या अंगठ्याला शाळेत घातलं. त्याला काही येत नव्हतं. आधी मीसगळेशब्दअसेचिकटवूनलिहीत होते. मध्येच उजवा अंगठा सवयीने खाली यायचा, पट्टीसकट दांडीवर आपटायचा आणि कळ खांद्यापर्यंत जायची. वहिनी भाकरी थापताना आतून विचारायच्या, "आता कोणतं बोट?"

रविवारी भाच्याच्या गाडीत मशीन मागच्या सीटवर, मी आणि नाना त्याला दोन्हीकडून धरून. पारोळ्याच्या पुढे रस्त्यात खड्डा आला की दोघांचेही हात आधी मशीनवर जायचे.

धुळ्याच्या त्या हॉलमध्ये शिरले आणि अंगावर काटा आला. लांब टेबलांवर ओळीने मशीनं! त्यांच्यापुढे पिकल्या केसांची माणसं. कुणाच्या बोटाला चिकटपट्टी, कुणाच्या कपाळाला टेंगूळ. साक्रीच्या एक बाई डोळ्याखालचा ओरखडा दाखवून म्हणाल्या, "माझी काडी डोळ्याजवळ उडाली, थोडक्यात वाचले." मी माझा अंगठा दाखवला. त्यांनी मान डोलावून दाद दिली.

शिट्टी झाली आणि सगळी मशीनं एकदम सुरू झाली. तो आवाज! पत्र्यावर गारा पडाव्यात तसा, आणि मधूनमधून घंट्या. माझी बोटं आपोआप धावायला लागली. दुसऱ्या ओळीला उजवा अंगठा आपटला. डोळ्यांत पाणी आलं, अक्षरं पुसट झाली, तरी मी डोळे मिचकावत उतारा वाचत राहिले. चौथ्या ओळीपासून डावा अंगठा एकदम शहाणा झाला. शब्द सुटे पडायला लागले. मग शेजारच्या गृहस्थांनी ओळ बदलताना कॅरेज इतक्या जोरात सारली की तिची मूठ माझ्या कोपरावर बसली. "माफ करा!" ते ओरडले. "चालू ठेवा!" मी ओरडले. करंगळी दोन किल्ल्यांच्या फटीत घसरली, सालटं निघालं. मी थांबले नाही.

शिट्टी झाली तेव्हा माझा उतारा पूर्ण झाला होता. कागदाच्या कडेला लाल ठिपका होता. तपासणाऱ्यांनी विचारलं, "ही शाईची चूक धरायची का?" सगळा हॉल हसला.

माझा दुसरा नंबर आला. पहिल्या आल्या साक्रीच्या बाई, आणि त्या खरोखरच वेगवान होत्या. मला स्टीलची बादली मिळाली. नाव पुकारलं तेव्हा नाना खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि बसायचंच विसरले.

परतीला पारोळ्यात भज्यांसाठी थांबलो. मला उजव्या हाताने काही धरता येईना. नानांनी भजं फुंकून गार केलं आणि माझ्या तोंडासमोर धरलं, मी त्यांच्या क्लासातली लहान मुलगी असल्यासारखं.

"बठ्ठा तुन्हाकडेच दखत व्हतात," ते म्हणाले.

"सगळे मशीनकडे बघत होते, नाना."

"नही व," ते म्हणाले आणि दुसरं भजं फुंकायला लागले.