पत्रिकेत कललेला मामा

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला कोल्हापुरात माझं डीटीपीचं दुकान होतं आणि मला कॉम्प्युटरवर नव्या वळणाची अक्षरं काढायचं खूळ लागलं होतं. इंग्रजीत एक जाड, उजवीकडं कललेलं, टोकांना पाय फुटलेलं अक्षर असतं. तसलंच मराठीत करायचं असं मी डोक्यात घेतलं. गिऱ्हाईक ताटकळायचं आणि मी आपला एका 'क'च्या पायात गुंतलेलो. निम्मी अक्षरं व्हायची होती, तेवढ्यात बहिणीचं लग्न ठरलं.

पत्रिका घरचीच. एवढं देखणं अक्षर काय झाकून ठेवायचं? झालेल्या अक्षरांत अख्ख्या पत्रिकेतलं एकच नाव बसत होतं, मामाचं. बसवलं. बाकी सगळे बारीक आणि सरळ, मामा एकटा ठळक आणि तिरका. मामाचा केवढा मान केला म्हणून मी खूश.

पत्रिका मामाच्या गावाला, गारगोटीकडं गेली आणि मामाचा फोन आला.

"समदी पावणं ताठ हुबी, आन मी एकटाच झोकांड्या खातोय व्हय रं?"

मामा पूर्वी प्यायचा. भाचीला स्थळं बघायला लागल्यापासून, तिच्या लग्नात शुद्धीत उभं राहायचं म्हणून, वर्षभर थेंबाला शिवला नव्हता. आणि आता पारावर लोक ती पत्रिका दाखवून त्याला हसत होते.

"मामा, ती ष्टाईल हाय!"

"घाल चुलीत तुझी ष्टाईल! मी लग्नाला येत न्हाय." फोन आपटला.

लग्न तोंडावर आलेलं. पाठीशी मामा नसेल तर बोहल्यावर चढणार नाही म्हणून बहिणीनं रडून घर डोक्यावर घेतलं. आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. लोकांना अक्षरातलं ओ की ठो कळत नाही आणि शिव्या मला!

चिडूनच कामाला बसलो. दुकान बंद ठेवून उरलेली अक्षरं पुरी केली, एकच नवी पत्रिका छापली आणि घेऊन थेट मामाच्या गोठ्यात गेलो. तिच्यात वडील, व्याही, आत्या, नवरदेव, सगळे जाड आणि तिरके. गणपतीसुद्धा कलवला होता. मामा तेवढा सरळ.

मामानं शेणाचे हात धुतले, पत्रिका लांब धरली. एकेका नावावरून बोट फिरवलं. मग खदाखदा हसत सुटला.

"आयला, समदं वऱ्हाड पिऊन आलंय की! आता एक तरी शुद्धीवर पायजेच. येतो, जा."

आला. पत्रिका खिशात घालून, दिसेल त्याला दाखवत. मंगलाष्टकं होईपर्यंत भाचीच्या मागं ताठ उभा होता. अक्षता पडल्या, बहीण त्याच्या पाया पडायला वाकली आणि गड्याला रडूच फुटलं. हुंदके देत तो माझ्या खांद्यावर कलला, बरोबर माझ्या अक्षराएवढा.

"लोकं बघाय लागल्यात," तो कानात म्हणाला. "घेतल्याली न्हाय रं मी."

"ठाव हाय, मामा," मी म्हणालो, आणि मग मलाही रडू आवरेना.