फुकटचं की चोरीचं

भिंतीवर माझा लॅपटॉप उमटला आणि वर्ग हसला.

लॅपटॉप म्हणजे त्याचा पडदा. प्रोजेक्टरची वायर मीच जोडली होती. पहिल्या स्लाइडवर विषयाचं नाव, खाली माझं. आणि उजव्या कोपऱ्यात ती फिकट राखाडी ओळ. ॲक्टिव्हेट विंडोज. विंडोजचे पैसे भरलेले नसले की येते ती. रोज बघून बघून मला ती दिसायचीही बंद झाली होती. भिंतीवर ती हातभर लांब झाली.

सर उठले. त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

मी सांगायला लागले, तोवर सरच पुढे बोलले.

"मी सांगतो. चोरीचा माल. तुला फुकटवाली बाजू दिली होती ना? तिथेही चोरीचंच घेऊन आलीस?"

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, यूएसए माल आहे! उल्हासनगरवाला!"

उल्हासनगरच्या नकली मालाला आमच्याकडे थट्टेनं यूएसए म्हणतात. परत हशा. सरही हसले. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. स्लाइडवर माझं नाव होतं आणि सगळे ती ओळ आणि नाव एकत्र वाचत होते.

हे बदलापूरच्या कॉलेजातलं. कॉम्प्युटरचं शेवटचं वर्ष. सरांनी वादविवाद ठेवला होता. मॅक, विंडोज आणि लिनक्स, कोणती सिस्टिम सरस आणि कुणाला किती खर्च. त्याचे मार्क होते. बाजू सरांनी वाटल्या. वाटताना प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते.

"ओंकार, तुझ्याकडे मॅक आहे, तू मॅकवर बोल." ओंकारच्या वडलांचा अंबरनाथ एमआयडीसीत कारखाना. खरवईच्या बाजूला नव्या टॉवरमध्ये घर. "प्रीती, तू विंडोज." मग माझा नंबर आला. सर हसत म्हणाले, "तुमची फी माफ, सीट फुकट, मग सिस्टिमही फुकटच घे. लिनक्स तुझं."

हसत बोलणाऱ्या माणसाचा मला जास्त संशय येतो. ओरडणारा निदान कळतो.

आम्ही ठाकर, आदिवासी. बदलापूरच्या मागे, बारवीच्या बाजूला डोंगराच्या पोटात आमची वाडी. पावसाळ्यात भात, बाकीचं वर्ष मिळेल ते काम. बाप आनंदनगरात एका कंपनीत माल चढवतो, उतरवतो. वाडीतून कॉम्प्युटर शिकायला बाहेर पडलेली मी पहिली. वर्गात हे सगळ्यांना माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. तरी माहीत होतं.

बाजू वाटल्या त्या दिवसापासून कॅन्टीनमध्ये तोच विषय. ओंकार म्हणायचा, "मॅक एकदा घ्या, वर्षानुवर्षं बघायला नको. हँग नाही, व्हायरस नाही." कुणी म्हणायचं, "तेवढ्या पैशात ग्राफिक कार्डवाला लॅपटॉप येतो भाई, वर बाईकचं डाउनपेमेंट." कुणी म्हणायचं, "नवीन विंडोजसाठी मशीनच बदलावं लागणार, जुन्यावर चढतच नाही." हे ऐकून मला पहिला संशय आला. चांगलं चालतंय ते मशीन. बटणं चालतात, पडदा चालतो. मग ते जुनं झालं हे ठरवलं कुणी? आणि ठरवणाराच नवीन विकतो, हे कुणाला खटकत कसं नाही? मी बोलले तेव्हा ओंकार म्हणाला, "तू ना, प्रत्येक गोष्टीत काहीतरी काळंबेरं बघतेस."

बघतेच. वाडीत वाढलेलं माणूस बघणारच.

लिनक्सचा अभ्यास मी मनापासून केला. सरांनी हिणवायला दिलेली बाजू, पण मला ती आवडायला लागली. कारण तिचा कोड उघडा. ज्याला संशय आला त्यानं आत शिरून बघावं. माझ्यासारखीच्या डोक्याला हे एकदम पटलं. शिवाय फुकट म्हणजे भीक नव्हे, हेही तिथंच कळलं. कितीतरी लोकांनी मिळून बांधलेलं, आणि पुढच्यानं त्यात भर घालावी म्हणून मोकळं ठेवलेलं. आमच्याकडे आवणीला, भात लावायला, सगळी वाडी एकमेकांच्या शेतात उतरते, त्याला कुणी फुकट म्हणत नाही. हे सगळं मी स्लाइडवर लिहिलं होतं. त्यातलं एक अक्षर बोलायच्या आत सरांचं बोट भिंतीवर गेलं.

आता तो लॅपटॉप. उल्हासनगरच्या मार्केटमधून घेतलेला. कुठल्याशा ऑफिसानं टाकून दिलेला, दुकानदारानं पुसूनबिसून ठेवलेला. सिंधी काका, बोलायला गोड. त्यांनी चालू करून दाखवला आणि विचारलं, "ओरिजिनल विंडोज डालूँ, या जुगाड लगा दूँ?" ओरिजिनलची किंमत ऐकून बापानं माझ्याकडे बघितलं. जुगाडाचे पैसे जवळजवळ नाहीतच. मी म्हटलं, "जुगाड नको." मला भीती. ज्याला कुलूप फोडून आत यायची युक्ती माहीत आहे, तो परत कधी आत येईल काय सांगावं? काका हसले. "तो ऐसा ही ले जा बेटा. नीचे लाइन आएगी, उसपे ध्यान मत दे. काम रुकता नहीं."

काम खरंच थांबलं नाही. घरी गेल्यावर लिनक्स टाकणार होते, पण कॉलेजच्या प्रॅक्टिकलचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालायचं. म्हणून ती ओळ राहिली. मी कुलूप फोडलं नाही म्हणून राहिली.

आणि वर्गात? वर्गात एक पेनड्राइव्ह फिरायचा. पहिल्या वर्षापासून. ज्याच्या पडद्यावर ती ओळ यायची तो पेनड्राइव्ह लावायचा, दोन बटणं दाबायचा, ओळ गायब. पडदा स्वच्छ. हे लपून नव्हतं. लॅबच्या असिस्टंटलाही ठाऊक होतं, सरांनाही. प्रीतीनं माझ्या शेजारी बसून लावला होता. मलाही म्हणाली होती, "घे ना, किती छान दिसतं." मी नको म्हटलं. प्रीती माझी एकुलती एक मैत्रीण.

तर त्या दिवशी सर म्हणाले, "कॉलेजच्या प्रोजेक्टरला चोरीचं सॉफ्टवेअर लावलंस. सगळ्यांना सॉरी म्हण आणि बस खाली. विषय संपला."

मी म्हटलं, "सर, बाकीच्यांचे लॅपटॉपपण लावा."

सरांना हे आवडलं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. त्यांनी लगेच एकेकाला बोलावलं. पहिल्याचा लावला. स्वच्छ. दुसऱ्याचा. स्वच्छ. प्रीती उठली, माझ्याजवळून जाताना अगदी हळू म्हणाली, "ए, प्लीज यार. नाव नको घेऊ." तिचाही स्वच्छ. भिंतीवर डोंगर, फुलं, कुणाचा क्रिकेटचा फोटो. कोपरा रिकामा.

"बघितलंस?" सर म्हणाले. "आणि तुला जर वाटतंय कुणाचं चोरीचं आहे, तर घे ना नाव. घे."

 आता कुणी हसत नव्हतं. सगळे घाबरले होते, आणि मलाच घाबरले होते. मला डाव कळला. नाव घेतलं तर मी चुगलखोर. नाही घेतलं तर चोर. दोन्हीकडून वाडीचीच.

मला लाकडाची मोळी आठवली. मी लहान होते. आई डोक्यावर वाळक्या काटक्या घेऊन उतरत होती, मी आणि बाप मागे. पायवाटेवर गार्ड उभा. "जंगल तुझ्या बापाचं आहे का?" म्हणाला. काटक्या पडलेल्या होत्या, झाड तोडलेलं नव्हतं, कोयत्याचा घाव कुठं नव्हता. गार्ड बापाला म्हणाला, कोण कोण लाकूड नेतं त्यांची नावं सांग, तुला सोडतो. बापानं नाव घेतलं नाही. हात जोडले. "चुकलो साहेब," म्हणाला. परत म्हणाला. तिसऱ्यांदा वाकून म्हणाला. मोळी तिथंच ठेवून आम्ही घरी आलो. मला बापाची शरम वाटली होती, आणि आपल्याला बापाची शरम वाटली याचा राग नंतर कितीतरी वर्षं जात नव्हता.

मी सरांना म्हटलं, "मी चोर नाही. सॉरी म्हणणार नाही. नावही घेणार नाही."

"उद्धट."

"सर, ओळ दिसत नाही म्हणजे चोरी नाही, असं असतं का?"

सरांचा चेहरा उतरला. मग लाल झाला. वायर त्यांनी स्वतः उपटली. "उद्या वडलांना घेऊन ये. नाहीतर परीक्षेला बसायचं नाही."

बाप आला. पहिली पाळी सोडून, खाडा टाकून आला. कंपनीचा निळा शर्ट, खिशावर तेलाचा डाग. स्टाफरूममध्ये सरांनी त्याला बसायला सांगितलं नाही. इतर सर आपापल्या कपातून चहा पीत बघत होते. सर समजावणीच्या सुरात बोलले. "तुमची मुलगी हुशार आहे हो. पण सवयी. चोरीचा लॅपटॉप घेऊन येते, वर उलट बोलते. तिला एक सॉरी म्हणायला सांगा. आपण तिच्या भल्यासाठीच सांगतोय."

चोरीची विंडोज म्हणता म्हणता चोरीचा लॅपटॉप झाला होता. रात्रीत. बापानं तेवढंच ऐकलं. त्याला विंडोज म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण चोरी हा शब्द त्याला पाठ होता. त्याचे हात वर यायला लागले.

"चुकली पोर, साहेब. लहान हाय अजून."

मी त्याचे हात धरले. दोन्ही मनगटं धरून खाली ओढली. जोर लागला. माल उचलून उचलून बापाचे हात दगडासारखे झालेत, आणि ते जोडले जायलाच निघाले होते.

"बा, हात नको जोडू. मी काय केलं नाय. तू पण काय केलं नाय."

"पोरी, गप."

"नाय गप बसणार. लॅपटॉप तू घेतलाय. कष्टाच्या पैशाचा. सांग त्यांना."

 बापाचे हात परत वर आले नाहीत. मी सरांकडे बघितलं. सर माझ्याकडे नाही, बाकीच्या सरांकडे बघत होते. त्यांच्यातलं कुणी काही बोलेल असं त्यांना वाटत असावं. कपांचे आवाज होत राहिले. मी बापाला घेऊन बाहेर आले.

फाटकाबाहेर बाप चिडला. "दोन शब्दांनी काय झडलं असतं तुझं? पेपर गेला ना आता?" रिक्षा स्टँडपर्यंत बोलत होता.  त्यानं मला शाबासकी दिली नाही. आजवर दिलेली नाही. मला ती मागायचीही नाही.

परीक्षेला बसू दिलं, कारण अडवायला कागदावर काही कारण लिहावं लागलं असतं. पण वादविवादाचे मार्क शून्य. तेवढ्यानं विषय राहिला, वर्ष गेलं. ओंकारचा मॅकवरचा कार्यक्रम छान झाला, असं ऐकलं. प्रीतीनं माझ्याशी बोलणं बंद केलं. मी तिचं नाव घेतलं नाही, तरी बंद केलं. मला वाटतं मी समोर दिसले की तिला स्वतःचा स्वच्छ पडदा आठवत असेल. तिच्यावर माझा राग होता. अजून थोडा आहे.

पुढच्या वर्षी त्याच विषयाची तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक, केस पांढरे, आवाज मऊ. माझ्या आधी पाच-सहाजणांची झाली, मी दारातून बघत होते. आत गेले. त्यांनी लॅपटॉपकडे बघितलं, मग माझ्या आडनावाकडे, मग परत लॅपटॉपकडे.

"हा कुणाचा?"

"माझा."

"बिल आहे?"

बिल होतं. पिशवीतच होतं, घडी घालून. त्या प्रसंगानंतर मी ते कायम बरोबर ठेवायचे. हात पिशवीकडे गेलासुद्धा. आणि मला माझ्याच हाताची चीड आली. बापाचे हात मी खाली ओढले होते आणि माझा कुणी न ओढता निघाला होता.

मी हात मांडीवर ठेवला.

"सर, माझ्या आधी जे आले त्यांना बिल विचारलंत?"

ते थबकले. "नाही. का?"

"मग मलाही विचारू नका. विषयाचं विचारा."

त्यांनी मार्कांचा कागद पुढे ओढला. किती मार्क देतील, देतील का, मला ठाऊक नव्हतं. नाही दिले तर आणखी एक वर्ष जाईल, हे मात्र ठाऊक होतं. तरी पिशवी उघडली नाही. घरी आल्यावर ते बिल मी फाडून चुलीत टाकलं.

आता मी कुणालाच काही सिद्ध करून दाखवत नाही. दुकानात, ऑफिसात, फाटकावर, कुठंही कुणी विचारलं, हे कुठून आणलंस, तर आधी बघते, माझ्या शेजारच्याला विचारलंय का. विचारलं असेल तर सांगते. विचारलं नसेल तर उत्तर नाही. संशय घ्यायचा असेल तर रांगेतल्या पहिल्यापासून घ्या. मी माझ्या नंबरावर उभी आहे, आणि आता मीही तुमच्याकडे बघतेय.