टिटवीच्या अंड्यांवरची सावली

कुरुंद्याचा वायरमन भागवत खांबावर चढला की लाइट यायला उशीर होणार, हे गाव धरूनच चाले. पुढच्या तारेवर वेडा राघू दिसला की गडी पकड खिशात घालून त्याच्याकडेच बघत बसे. एका वर्षी त्याने वसमतच्या हरिचंद फोटोवाल्याकडून जुना रोलचा कॅमेरा घेतला आणि मग विचारूच नका. सुट्टी म्हटली की हा हळदीच्या मळ्यांतून पाखरांमागे.

कॅमेरा साधाच. लांबचं पाखरू त्यात मुंगीएवढं येई, म्हणून अगदी जवळ जावं लागे. पाखरं, घरटी हुडकून द्यायचं काम प्रतिक्षाचं. त्याची तिसरीतली लेक, नजर मोठी तीक्ष्ण. ती बोटाने दाखवी आणि चटकन मागे होई, कारण बापाचं पालुपद ठरलेलं, "बाजूला सर, माय."

तिचा स्वतःचा फोटो मात्र काढायचा नाही, अशी घरात सक्त ताकीद होती. तिच्याआधीची दोन लेकरं पाळण्यातच गेलेली. तिची आई मंजुळाबाई फोटोला भ्यायची. "लेकराचा फटू काढला की नजर लागती. मोठी होऊ द्या, मंग काढा." भागवत हसायचा, पण ती दोन लेकरं त्यानेच आपल्या हातांनी पुरली होती. त्याने कधी कॅमेरा तिच्याकडे वळवला नाही.

एका उन्हाळ्यात, सकाळी, नांगरलेल्या वावरात तिला टिटवीची अंडी सापडली. ढेकळांत ढेकळांसारखीच, ठिपक्याठिपक्यांची. रोलमध्ये एकच फोटो उरला होता. भागवत गुडघ्यांवर बसला, त्याने खटका दाबला आणि नेमकी त्याच वेळी लेक बघायला वाकली. तिची सावली अंड्यांवर पडली.

"किती बार सांगायचं तुला? सगळा फटू नासवला न्हाई का," तो खेकसला. ती मुकाट्याने बांधावर जाऊन बसली. टिटवी दोघांच्या डोक्यावर ओरडत राहिली.

त्याच पावसाळ्यात प्रतिक्षाला ताप भरला आणि तो डोक्यात गेला. जीप करून नांदेडला नेली. परत आणली ती चादरीत गुंडाळून.

पाहुणे पांगल्यावर मंजुळाबाईने ट्रंक उपसली. खंड्या, भारद्वाज, होले, मोर, फोटोंचा ढीग पडला. "साऱ्या रानाची पाखरं हायेत ह्यात. माजं लेकरूच तेवढं न्हाई," ती म्हणाली आणि तोंडात पदर कोंबून रडली. नको कोण म्हणालं होतं, हे तिला आठवत होतं. भागवतने ते उच्चारलं नाही, तेवढी माणुसकी त्याच्यात होती.

दुसऱ्या दिवशी तो वसमतला गेला. खराब म्हणून ज्या फोटोची कॉपीच काढली नव्हती, त्याची निगेटिव्ह हरिचंदकडून धुंडाळून घेतली आणि मोठी कॉपी करवली. ढेकळं, अंडी आणि त्यांच्यावर वाकलेली सावली. दोन वेण्यासुद्धा ओळखू येत होत्या. मंजुळाबाईने त्या फोटोला हार घातला.

पुढे कधीतरी सेनगावचे व्यंकटराव, त्याचे जुने साहेब, घरी आले. त्यांना काही ठाऊक नव्हतं, आणि फोटोवरचा हारही वाळून कधीच उतरवलेला होता. चहा पिता पिता ते भिंतीकडे बघत राहिले.

"फोटो झकास काढलाय, भागवत. तेवढी सावली मधी आली नसती तर."

मंजुळाबाई आत निघून गेली. भागवतने मान खाली घातली. लेकीला तोही हेच बोलला होता.