सहामहिनेबाईंचा पासपोर्ट

शेजारच्या देशातल्या सरकारी विद्यापीठात दरवर्षी दहा मुलं धाडायची आणि तिकडची दहा आपल्याकडे ठेवून घ्यायची, या कामात बाईंची एकोणीस वर्षं गेली. फॉर्म तपासायची खिडकी त्यांची. एक रकाना कोरा दिसला की फॉर्म परत. परतीच्या तारखेपुढे पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक नसली, तरी परत. मुलं गयावया करायची, बाई ढिम्म. मुलांनी त्यांना सहामहिनेबाई हेच नाव पाडलं होतं, आणि ते त्यांच्या कानावर घालायला शिपाई कधी विसरत नसे.

यंदा पहिल्यांदाच कर्मचाऱ्यांसाठी एक जागा आली. तीन महिने तिकडच्या कचेरीत काम. निवड बाईंची झाली, आणि पुढच्या वर्षी त्या निवृत्त व्हायच्या होत्या, म्हणजे ही पहिली संधी तीच शेवटची. नवऱ्याने माळ्यावरची बॅग काढून उन्हात ठेवली. तिथे तरी लोकांच्या चुका काढू नकोस, म्हणाला.

गठ्ठा पाच वाजता रवाना व्हायचा होता. दुपारी बाईंनी सगळे फॉर्म लावले, आपला तळाला. मग सवयीने तोही तपासायला घेतला. नऊ वर्षांपूर्वी अशाच जागेची आवई उठली, तेव्हा हौसेने काढलेला पासपोर्ट. तेव्हापासून कपाटात साड्यांखाली पडून. एकाही पानावर शिक्का नाही. बाईंनी मुदत वाचली, परतीच्या तारखेपुढचे महिने बोटांवर मोजले. साडेचार.

पुन्हा मोजले. साडेचारच.

नव्या पासपोर्टला तीन आठवडे लागतात, हे त्यांच्याइतकं कुणाला पाठ होतं? त्या उठल्या, पाणी प्यायल्या, जिना उतरून गेल्या, चढून आल्या. बसवेना. काही हरवलंय का, शिपायाने विचारलं. पासपोर्टची मुदत, एवढंच म्हणून त्या पुन्हा जिन्याकडे गेल्या. गेल्या वर्षी एका मुलीच्या पासपोर्टची मुदत आठ दिवसांनी कमी पडली होती. ती याच कठड्याला धरून उतरली होती.

शिपायाकडून ते साहेबांच्या कानावर गेलं. ते हळूच म्हणाले, "बाई, तपासणार तुम्हीच ना? मग मारा शिक्का आणि मोकळ्या व्हा."

बाईंनी शिक्का उचलला, शाईवर टेकवला आणि परत खाली ठेवला. पावणेपाचला त्यांनी आपल्या फॉर्मवर लाल खूण केली आणि यादीत दुसऱ्या नंबरावर असलेल्या लॅब अटेंडंटचा फॉर्म गठ्ठ्यात घातला. मेल्याने एकही रकाना कोरा सोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून त्या पासपोर्टच्या रांगेत उभ्या राहिल्या. पाय एका जागी ठरत नव्हते. पुढच्या माणसाच्या फॉर्ममधल्या दोन चुका काढून झाल्या. खिडकीतल्या पोराने बाईंचा फॉर्म वरखाली बघितला आणि बाहेर सरकवला.

"मावशी, कुठे जायचंय ते लिहिलंच नाही. कोरा रकाना चालत नाही इथे."

"ते अजून ठरलं नाही रे."

"मग ठरवून या."

मागे रांग चुळबुळत होती. बाईंनी पेन मागून घेतलं, शेजारच्या देशाचं नाव ठळक अक्षरांत लिहिलं आणि फॉर्म परत आत सरकवला.